स्वप्नात जागं व्हायचंय? आधी या चुका टाळा

स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न’ हे उमगणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. सरावानं जमतं, पण बहुतेकांचं घोडं वेळेपाशीच अडतं.

नेहमीचा नमुना बघा. पोरगं रात्री दीडला अंथरुणावर पडतं, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून साडेतीनचा गजर लावतं. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त आणि स्वप्नांची रेम झोप जेमतेम, रेम लांबत जाते ती पहाटे. म्हणजे साहेब उठतात ते अर्धवट शुद्धीत, गजर बंद करून पुन्हा आडवे होतात. वर सकाळी आठचं लेक्चर. आठवडाभरात निकाल जाहीर: ‘सगळं थोतांड आहे!’

थोतांड नाही. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्या झोपेची नोंद घेतली. रेममध्ये अंग लुळं पडतं, डोळे मात्र हलतात. वर्स्लींनी स्वप्नातूनच डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली.

तेव्हा आधी नीट झोपा. 11 ला झोपलात तर गजर 4 चा. उठून अर्धा तास मंद दिव्यात बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा. त्यात ‘हे खरं नाही’ असं कुठे कळायला हवं होतं ते शोधा, तिथे ते कळतंय अशी कल्पना करा आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल’ असं मनात घोळवत झोपा. आठवड्यातून दोनदा पुरे, तेही सुट्टीच्या आदल्या रात्री. ज्याची झोप मुळात पाच तासांची, त्यानं या वाटेला जाऊच नये.

दुसरी चूक वहीची, म्हणजे जाग आल्यावर स्वप्न टिपून ठेवायच्या वहीची. जाग आली की लोक कूस बदलतात, फोन बघतात आणि मग म्हणतात, मला स्वप्नंच पडत नाहीत. पडतात हो! हलू नका. डोळे मिटूनच शेवटच्या दृश्यापासून मागे जा. मग जागा, माणसं, भावना एवढेच शब्द खरडा. निबंध नंतर.

‘मी स्वप्नात आहे का?’ हा प्रश्न दिवसभर जपासारखा पुटपुटून काही होत नाही. त्यापेक्षा जागेपणी अधूनमधून तपासून बघा, म्हणजे तीच सवय स्वप्नातही उतरते. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास घेऊन बघा. स्वप्नात बऱ्याचदा तो आत जातो. पाटीवरचा मजकूर दोनदा वाचा, स्वप्नात तो बदलतो. पण खरोखर शंका घेऊन.

स्वप्नात कळल्याबरोबर उड्या मारू नका, जाग येते. त्याऐवजी स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळा, म्हणजे स्वप्न टिकतं.

गजर लावायचा त्या रात्री दारू नको.

गॅलँटामाइन हे अल्झायमरचं औषध आहे. शॉर्टकट म्हणून ऑनलाइन मागवण्याचा आचरटपणा करू नका.

जाग आली पण अंग हलेना, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं, तर ते भूत नव्हे, रेमचा लुळेपणा रेंगाळलाय. शांतपणे श्वास घ्या, एखादं बोट हलवायला बघा. थोड्या वेळात सुटतं. असं वारंवार होऊ लागलं, तर पहाटेचे गजर बंद. आणि ज्यांना भास होण्याचा आजार आहे किंवा होता, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये.