ऑइल कूलरचं पॅकिंग पेरणीआधीच बदलून घ्या

नांगरट उरकली, पेरणीला अजून अवकाश आहे. ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तरी चालेल, असे दिवस वर्षात थोडेच. नांगरटीत इंजिन तासन्‌तास ओढलेलं असतं, त्यामुळे ऑइल कूलरचं, म्हणजे इंजिन ऑइल पाण्याने किंवा हवेने गार करणाऱ्या भागाचं, पॅकिंग कच्चं झालं असेल तर ते आत्ताच कळतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढा आणि आतून बोट फिरवा. लोण्यासारखा तपकिरी चिकटा लागला, तर ऑइल पाण्यात उतरतंय. चालू इंजिनात ऑइलचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो, पाण्याचा जेमतेम १. म्हणून गळती आधी याच दिशेने होते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, गरम पाण्याचा मात्र काही वेळ राहतो, आणि मग पाणी ऑइलमध्ये शिरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं की इंजिन चालूच करू नका, बेअरिंग जातील. पण हीच लक्षणं हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेल्यावरही दिसतात. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे आणि नळकांड्यातून पांढरा धूर असेल, तर आधी हेड तपासून घ्या.

कूलर रेडिएटरच्या पुढे बसवलेला, जाळीचा असेल तर काम सोपं आहे. भुसा आणि धूळ इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने काढा. तिथली गळती बहुतेक वेळा नळीच्या तोंडाशी असते. तांब्याचे वॉशर नवे टाका.

इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेल्या कूलरसाठी ऑइल आणि कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) दोन्ही काढावं लागतं. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कूलरचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ब्लॉकच फुटायचा.

ऑइलच्या बाजूला डिझेल भरा, तोंडं बंद करून हलवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या फडक्यातून गाळा. पेट्रोल वापरू नका. फडक्यावर काळा गाळ आला तर हरकत नाही, पुन्हा धुवा. चमचमणारे कण दिसले तर मात्र ती बेअरिंगची धातू आहे. असा कूलर कितीही धुतला तरी आतले कण निघत नाहीत, नवाच घ्या. नंतर एक तोंड बंद करून, दुसरीकडून २-३ बार हवा देऊन कूलर पाण्यात बुडवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. कूलरच्या अंगातून बुडबुडे आले तर डाग देऊन भागत नाही.

आता पॅकिंग. गळती परत येते ती बहुधा पॅकिंगमुळे नाही, पृष्ठभाग नीट न घासल्यामुळे. जुन्या पॅकिंगचा कागद लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमवर छिन्नी चालवली की चरा पडतो. पॉलिश पेपरची भुकटी ऑइलच्या वाटेत जाते, म्हणून भोकांत फडकी कोंबा आणि नंतर मोजून बाहेर काढा. शेवटी पृष्ठभागावर नख फिरवा. कुठे अडकलं, तर तिथूनच गळणार.

सिलिकॉनचा मोह आवरा. मी एकदा खात्री म्हणून जाड थर दिला होता. पुढच्या वेळी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उघडला, तर पंपाच्या जाळीत दोऱ्यासारखे सिलिकॉनचे तुकडे अडकलेले. कंपनीने सांगितलं नसेल तिथे ते लावूच नका, आणि ओ-रिंगला तर कधीच नाही. तिला फक्त स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट. ओ-रिंग ऑइलला चालणाऱ्या रबराचीच घ्या, पाण्यासाठीचं काही रबर ऑइलमध्ये फुगतं. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या), पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळा.

नवं ऑइल, नवा फिल्टर. स्टॉप (इंजिन बंद करायची दांडी) ओढून ठेवून थोडा वेळ स्टार्टर मारा, दाबाचा दिवा विझला की मगच इंजिन चालू करा. रेडिएटरमध्ये आधी ऑइल गेलं असेल तर कमी फेसाच्या साबणाने दोन-तीनदा धुवा आणि मऊ पडलेल्या नळ्या बदला. ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं, तर इंजिन १०-१५ तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदला.

काढलेलं कूलंट टबात उघडं ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. जनावरं, कुत्री त्याला तोंड लावतात.