वकील न लावता कुटुंब न्यायालयासाठी प्रतिज्ञापत्र

नागपुरात सिव्हिल लाइन्सला मी मराठी टायपिंग करतो. वकील नाही, त्यामुळे केस कशी लढायची ते मला विचारू नका. मात्र कुटुंब न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडणं जगावेगळं नाही. १९८४ च्या कायद्यानं तिथे वकील लावणं हा हक्कच ठेवलेला नाही. प्रतिज्ञापत्रही मराठीत चालतं.

लोक येतात ते वहीभर राग घेऊन. 'नवरा लई त्रास देते, लिवा न भाऊ!' मी आधी विचारतो: काय केलं, कधी, समोर कोण होतं? 'क्रूर', 'लोभी' सगळं खोडायचं. 'मार्च २०२४ पासून मानेवाड्याच्या खोलीचे भाडे मी भरते, पावत्या जोडल्या आहेत' हे एक वाक्य त्या सगळ्यांना भारी पडतं. एका परिच्छेदात एकच गोष्ट, आणि प्रत्येकाला क्रमांक. शेजारणीकडून कळलेलं असेल तर तसंच लिहा. शेवटच्या सत्यापनात, म्हणजे वरचा मजकूर खरा आहे असं सांगणाऱ्या भागात, स्वतःच्या माहितीतलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, हे परिच्छेदांच्या क्रमांकानिशी वेगळं करायचं असतं.

पोटगीच्या प्रकरणात उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र वेगळं द्यावं लागतं, दोघांनीही. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालात ते ठरवलं, आणि ते प्रकरण आपल्या नागपूरचंच! नमुना निकालालाच जोडलेला आहे. खरी कसरत इथेच. रकाना रिकामा सोडू नका, 'निरंक' लिहा. महिन्याच्या खर्चात दिवाळीचा महिना धरू नका. किराणा, वीजबिल, शाळेची फी, ऑटोचं भाडं साध्या महिन्याचं घ्या. शिवणकामाचे, शिकवणीचे पैसे लपवू नका. समोरचा तुमच्या यूपीआयचे व्यवहार काढायला लावतो, आणि खोट्या पुराव्याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जोडीदाराच्या कमाईचाही भाग असतो. तिथे माहीत असेल तेवढंच, कशावरून माहीत ते सांगून.

स्टॅम्पपेपरवर पाचशे घालवू नका. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क राज्यानं २००४ मध्येच माफ केलंय, साधा कागद पुरतो. घरून सही करून आणू नका. शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोरच करा, प्रत्येक पानावर. आधार कार्ड सोबत ठेवा. खाडाखोड असेल तिथे छोटी सही. विरुद्ध पक्षासाठी एक प्रत, स्वतःसाठी एक.