मुंगळ्याची राणी सापडलीय, आता पुढे काय?

राणी घरी पाळून तिची वसाहत वाढवायची असेल तर पहिलं म्हणजे ती मुंगीच आहे का ते बघा. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्याभोवती जो पंखवाल्या किड्यांचा खच पडतो त्यात बरीचशी वाळवी असते, तिचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर नसतेच, सरळ नळकांडं. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. त्यातही सडपातळ, डोकं एवढुसं ते नर, त्यांना पकडून काही उपयोग नाही, थोड्या दिवसांत मरतात. राणीची छाती फुगीर आणि पोट जाड असतं, आणि पंख गळालेली एकटीच जिन्यात नाहीतर कुंडीखाली पळताना दिसली तर बहुतेक तिचं मिलन झालेलं आहे. पंख शाबूत असले तरी लगेच सोडून देऊ नका, थोडे दिवस ठेवून बघायला काय जातं.

मी इथे आपल्या नेहमीच्या मोठ्या काळ्या मुंगळ्याबद्दल लिहितोय (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस), नवशिक्यांसाठी हाच बरा.

घर म्हणजे काचेची टेस्ट ट्यूब, साधारण १५० मिमी लांब आणि १६ ते २० मिमी रुंद, लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. एक तृतीयांश पाणी भरायचं, त्यावर कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत दाबायचा, बोळा ओला झाला पाहिजे पण पाणी बाहेर यायला नको. कापूस मेडिकलमधलाच घ्या, देवाच्या वातीचा कच्चा कापूस पाणी नीट शोषतच नाही. मग राणी आत सोडून तोंडाला कोरडा कापूस, हवा जाईल इतपत सैल. कागद गुंडाळून कपाटात आडवी ठेवून द्या. फ्रिजवर किंवा मिक्सरजवळ नको, थरथर तिला अजिबात चालत नाही.

आणि आता सगळ्यात अवघड काम, काहीही न करणं! खायला घालू नका. मुंगळ्याच्या राणीला या काळात अन्न लागत नाही, पंखांचे स्नायू आता कामाचे नाहीत तर ते आणि अंगातली चरबी विरघळवून ती पहिल्या पिल्लांना भरवते. आत साखर टाकलीत तर बुरशी येणार हे नक्की. बाळंतिणीच्या खोलीत कसं उगाच कोणी डोकावत नाही तसंच समजा, आठवड्यातून एकदा पटकन बघितलं तरी पुष्कळ झालं. रोज उजेड, रोज हलवाहलवी झाली की राणी घाबरून स्वतःचीच अंडी खाते, आणि मग लोक म्हणतात राणीच खराब निघाली.

अंडी, मग अळी, मग फिकट कोष. तांदळासारखे दिसणारे ते कोष, अंडी त्याहून खूप बारीक असतात. उबेत, म्हणजे २५ ते ३० अंशांत, पहिली कामकरी मुंगी यायला साधारण सहा आठवडे लागतात, थोडं मागेपुढे होतं, थंडीत जास्तच. पहिल्या मुंग्या एकदम छोट्या असतात, काळजी करू नका, तसंच असतं.

त्या आल्या की मग खायला. मधाचं पाणी अगदी टाचणीच्या डोक्याएवढं, फॉइलच्या तुकड्यावर, आणि आठवड्यातून एक-दोनदा एखादा डास किंवा झुरळाचा पाय. फक्त ते झुरळ स्प्रे मारलेलं नको, त्यातच सगळी वसाहत जाईल. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका. त्या खोलीत मच्छर कॉइल, लिक्विड मशीन, मुंग्यांचा खडू काहीच वापरू नका.

अजून एक, घरातल्या बारक्या मुंग्यांना वास लागला तर त्या कापसातून घुसून राणीला मारतात, म्हणून ट्यूब पाण्याच्या ताटलीत उंचवट्यावर ठेवा.

मोठं घर घ्यायची घाई नको, वीस-तीस मुंग्या होईपर्यंत ट्यूबच बरी. पाणी संपत आलं किंवा बुरशी वाढली तर नवीन ट्यूब तोंडाला तोंड लावून टेपने जोडा, जुनीवर उजेड आणि नवीनवर अंधार ठेवा, त्या आपणहून सामान हलवतात. कधी एका रात्रीत, कधी आठवडा घेतात, पण उलटी करून झटकू नका.