सकाळची पट्टी आणि कालनिर्णयची चौकट

नातवाचे डोळे सकाळी सुजायचे, संध्याकाळपर्यंत उतरायचे. आम्ही ॲलर्जी समजून आठवडाभर थेंब घालत राहिलो. मग शाळेचे मोजे काढताना घोट्यावर खोल वळ दिसला आणि लघवी तपासली. प्रोटीन चार प्लस, म्हणजे खूपच जास्त. आजाराचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम. शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडते आणि मूत्रपिंडाची चाळणी सैल होते, असं डॉक्टरांनी समजावलं. नौपाड्यातल्या आमच्या घरी रोजची तपासणी माझ्याकडे आहे.

लघवी सकाळची पहिलीच घ्यायची, कारण दिवसभर खेळलेल्या मुलाला एरवीही थोडं प्रोटीन जाऊ शकतं. प्रोटीन तपासायची पट्टी लघवीत बुडवून लगेच काढायची, भांड्याच्या कडेला निथळायची. डबीवर लिहिलेला वेळ, आमच्या डबीवर ६० सेकंद, घड्याळात मोजायचा आणि मगच रंग ताडायचा. पिवळा राहिला तर प्रोटीन नाही, हिरवा होत गेला तर आहे. रंग खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली मला ट्रेस, म्हणजे अगदी किंचित, आणि एक प्लस सारखेच दिसतात. डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात तर नक्कीच. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका.

आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहिते, शेजारी वजन आणि गोळीचा डोस. सर्दीत एखाद्या दिवशी दोन प्लस आलं तर धीर धरा. लागोपाठ तीन दिवस तीन किंवा चार प्लस आलं, तर आजार उलटला. तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांना फोन. सूज दिसली तर तितकंही थांबू नका. ताप, पोटदुखी, उलट्या किंवा लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. पोटात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

प्रेडनिसोलोन, म्हणजे या आजाराची स्टेरॉइडची गोळी, खाण्यानंतर द्या. गाल फुगले म्हणून मनाने बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, अचानक थांबवलं तर मूल कोसळतं. कुठलीही लस देण्याआधी विचारा. सूज असताना लोणचं, पापड, वेफर्स बंद. वरण आणि अंडं मात्र तोडू नका, लोक सांगतात तरी.

गेल्या आठवड्यात आजार पुन्हा उलटला. काल आणि आज चौकटीत ‘नाही’ लिहिलंय. उद्याही तेच आलं तर डॉक्टर गोळी एक दिवसाआड करणार आहेत.