जुने पिनबॉल यंत्र दुरुस्त करताना या चुका टाळा

१९७७-७८ च्या आधीच्या बहुतेक पिनबॉल यंत्रांत चिप नसते. गुण मोजणे, चेंडू मोजणे, खेळाडूची पाळी बदलणे, सगळे रिले (विजेने चालणारे स्विच), कॉइल (वीज मिळताच चुंबक होणारी तारेची गुंडाळी), स्टेपर (एकेक टप्पा सरकून मोजणारे चाक), एक छोटी मोटर आणि शेकडो लीफ स्विच (पातळ धातूच्या पात्यांचे स्विच) मिळून करतात. स्विच इतके असल्यामुळेच सगळ्यात महागात पडणारी चूक घडते: यंत्र उघडले की समोर दिसेल तो स्विच घासायचा, पाती वाकवायची. बिघाड बहुतेकदा एकाच संपर्कात, म्हणजे पात्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे असतो. बरोबर असलेले दहा स्विच हलवले, तर एका बिघाडाचे अकरा होतात आणि मूळ बिघाड त्यांत हरवतो.

म्हणून आधी लक्षण नीट बघा. काय होते, आणि नेमके कुठपर्यंत होते? स्टार्ट दाबल्यावर मोटर थांबतच नसेल, तर ती बिचारी मोटर बहुधा निर्दोष असते. नवा खेळ सुरू होण्याआधी सगळ्या स्कोअर रील (गुण दाखवणारी आकड्यांची चाके) शून्यावर याव्या लागतात. एखादी रील अडकली, किंवा शून्यावर येऊनही तिचा शून्याचा स्विच बदलला नाही, की यंत्र तिची वाट पाहत फिरत राहते. शून्यावर न आलेली रील डोळ्यांना दिसते, तिथून सुरुवात करा. सगळ्या शून्यावर असतील तर त्यांचे शून्याचे स्विच तपासा. मग सर्किटची आकृती उघडा. ती यंत्राच्या कोणत्या अवस्थेत काढली आहे हे आधी पाहा, नाहीतर उघडा (वीज तोडलेला) स्विच बंद (वीज जोडलेला) समजून तासन्‌तास भरकटाल.

संपर्क साफ करायला जाड सँडपेपर नको, चांदीचा थर निघून जातो. साध्या संपर्कांत जाड कागदाची पट्टी धरून ओढली तरी बरेच काम होते. फ्लिपर म्हणजे बटण दाबल्यावर चेंडू उडवणारा दांडा. तो वर पोचल्यावर चालणाऱ्या स्विचच्या संपर्कांचे टंगस्टन कठीण असते, त्याला मात्र बारीक कानस लागते. हा स्विच फ्लिपर वर पोचताच उघडला पाहिजे, म्हणजे धरून ठेवणारी दुसरी गुंडाळी वाटेत येते आणि प्रवाह कमी होतो. तो उघडला नाही तर बटण दाबून ठेवल्यावर कॉइल तापून जळते. उलट त्याचे संपर्क काळवंडले असतील, तर फ्लिपर दुबळा पडतो आणि लोक विनाकारण नवी कॉइल बसवतात.

तेलाचा स्प्रे मारू नका. कॉइलच्या नळीत प्लंजर (कॉइल ओढते तो लोखंडी दांडा) कोरडाच चालायला हवा. तेलाला धूळ चिकटते, आणि ठिणगी पडते त्या संपर्कांजवळ ते पेटूही शकते. स्टेपर परत शून्यावर येत नसेल तर बहुधा त्यातले जुने ग्रीस घट्ट झालेले असते. सुटा करून अल्कोहोलने पुसा.

फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा कधीही बसवू नका. कुठली कॉइल अडकून सतत चालू आहे ते शोधा. कान द्या, ती गुणगुणते. वीज चालू असताना तिला हात लावू नका.

यंत्राचा मुख्य स्विच बंद केला म्हणजे वीज गेली, असे समजणेही धोक्याचे. काही यंत्रांत तरीही ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोचलेली असते. आत हात घालायच्या आधी प्लग भिंतीतून काढा.

आणि वरच्या पेटीला (स्कोअर दिसतो ती) जोडणारे मोठे प्लग विसरू नका. यंत्र हलवल्यावर आलेले बरेच विचित्र बिघाड त्यांच्याच सैल पिनांत असतात. वीज काढून ते एकेक उपसा आणि घट्ट बसवा.