आजारी कुत्र्याचं रिस्की ऑपरेशन करायचं की नाही, कसं ठरवायचं

आमचा बंड्या अकरा वर्षांचा, साधा गावठी. दोन वर्षं किडनीची औषधं चालू होती आणि मे महिन्यात सोनोग्राफीत स्प्लीनवर (पोटातल्या प्लीहेवर) गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले काढता येईल, पण भूल झेपेल का ते सांगता येत नाही. आम्ही मालवणात, ऑपरेशन कोल्हापूरला. तेव्हा जे सुचलं आणि जे उशिरा सुचलं ते सगळं लिहितोय.

"वाचेल ना हो?" एवढंच विचारून घरी येऊ नका, आम्ही पहिल्यांदा तेच केलं. ऑपरेशन नीट झालं तर पुढे किती दिवस आणि कसे, आणि नाही केलं तर काय, हे दोन्ही विचारा. स्प्लीनची गाठ साधी असेल तर काढल्यावर कुत्रं बरं होतं, पण हिमँजिओसारकोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर असेल तर नुसत्या ऑपरेशनवर बहुतेक वेळा एक ते तीन महिनेच मिळतात, आणि कुठली आहे ते गाठ काढून तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि हार्टची सोनोग्राफी करून घ्या, तिथे पसरलेलं दिसलं तर पुढचा प्रश्नच राहत नाही.

मग रक्त. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत चालते ते दाखवणारा आकडा, साधारण १.४ च्या आत हवं, बंड्याचं ३.२ होतं. भुलेत बीपी पडलं की आधीच थकलेली किडनी आणखी बसते, त्यामुळे सलाईन आधीपासून लावणार का, ऑपरेशन चालू असताना बीपी बघणार का, आणि नंतर दुखण्यावर काय देणार हे स्पष्ट विचारा, कारण मेलॉक्सिकॅमसारखी नेहमीची औषधं किडनीच्या कुत्र्याला धोक्याची. आपल्याकडे गोचीड ताप फार, त्यात प्लेटलेट उतरतात, तेही आधी बघून घ्या. रक्त चढवायची वेळ आली तर देणारं मोठं निरोगी कुत्रं कुठून आणणार तेही.

घरचंही बघा. पावसात घाटात दरड आली तर टाके दाखवायला कसं नेणार, रात्री उठून कोण बघणार, खर्च किती झेपेल. पैशाचं बोलायला लाजू नका, डॉक्टरला आकडा सांगितला तर तो त्यात बसेल असं काही सुचवतो.

आणि कॅलेंडर. रोज रात्री चांगला दिवस की वाईट, एवढी खूण करा. बंड्या मासेवालीची हाक आली की गेटपर्यंत पळायचा, बांगड्याचं डोकं मिळेपर्यंत हलायचा नाही. जूनमध्ये तो पडवीतल्या लादीवरून नुसता मान उचलायचा, आणि शेवटच्या दहा खुणांत सात वाईट होत्या. आई म्हणाली, "तेका गाडयेत घालून खय व्हरतस, तो हयच बरो." आम्ही ऑपरेशन नाही केलं. बंड्या सहा वर्षांचा असता आणि किडनी धड असती तर मी उसने पैसे काढून नेलं असतं.

नाही ठरलं तरी एक काम उरतंच. अशी गाठ कधीही फुटू शकते. रोज ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी असायला हव्यात. एकदम पांढऱ्या पडल्या, पोट फुगलं, उभं राहता येईना, तर आतून रक्त जातंय. त्या वेळी घरी येऊन शांत झोपवायचं इंजेक्शन कोण देईल हे आधीच डॉक्टरशी बोलून नंबर घेऊन ठेवा. आम्ही जूनमध्येच बोलून ठेवलं होतं, सप्टेंबरात रात्री साडेअकराला लागलं, आणि डॉक्टर वीस मिनिटांत आले.