गोव्याच्या दमट रात्री कॅमेरा थंड कसा ठेवावा

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पाच मिनिटांचा फोटो उघडला की काळ्या आभाळात लाल-निळे ठिपके दिसतात. ते तारे नव्हेत. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर तापला की त्यात प्रकाशाविनाही विद्युतभार साठतो, त्याचा हा नॉइज. तापमान साधारण ६ अंशांनी उतरले की हा भार निम्मा होतो. म्हणजे १२ अंश उतरवले तर भार पाव होतो आणि त्यातून येणारा नॉइज निम्म्यावर येतो. याच्या जवळपास पोचलो तरी आपल्याला पुरते.

गोव्यात खरी अडचण दवाची. २४ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २१ अंश येतो. नेत्रावळीला मी एकदा थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून कॅमेरा ठेवला. तासाभरात प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय आले, कारण सेन्सरवर पाणी धरले होते. म्हणून आधी हवा कोरडी करा, मग थंड करा.

कॅमेरा जेमतेम मावेल अशी अ‍ॅल्युमिनियमची पेटी घ्या. बाहेरून एका बाजूला टीईसी१-१२७०६ हा पेल्टियर (वीज दिली की एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती) थर्मल पेस्टने बसवा, थंड बाजू पेटीकडे. गरम बाजूला संगणकाच्या प्रोसेसरचा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा लावा. ही उष्णता बाहेर गेली नाही तर पेटी उलट तापते. बाकी पेटीवर थर्माकोल चिकटवा. आत एक छोटा पंखा ठेवा, वायरींची भोके सिलिकॉनने बुजवा.

एक फट हमखास राहून जाते. दुर्बिणीला जोडणारी नळी उघडी असते आणि दमट हवा तिथूनच सेन्सरपर्यंत पोचते. नळीच्या तोंडाशी ४८ मिमीचा साधा पारदर्शक फिल्टर बसवा.

पेटी घरी, एसीच्या खोलीत बंद करा. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो. शिवाय आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट असते, ते जेल वाळवायला स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही भाजू नका.

जागेवर पोचल्यावर पेल्टियरचा जोर हळूहळू वाढवा आणि आतले तापमान १५ अंशांच्या खाली नेऊ नका. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे सतत चालू दृश्य) बंद ठेवा, त्यानेही सेन्सर तापतो. पेल्टियर पूर्ण जोरात ६ अँपिअरच्या आसपास वीज खातो, ७ अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम तासभर टिकेल. गाडीची मोठी बॅटरी बरी.

शेवटी दुर्बिणीला झाकण लावून त्याच तापमानाला, त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळाच्या वीसेक डार्क फ्रेम, म्हणजे पूर्ण काळोखातले फोटो, घ्या. घाई झाली तरी या सोडू नका. उरलेले लाल-निळे ठिपके यांनीच वजा होतात.

घरी आल्यावर पेटी लगेच उघडू नका. पेल्टियर बंद करून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच कॅमेरा बाहेर काढा.